जुईची दृष्ट

माझ्या कुंडीतल्या जुईला शेणखत मी घालायचे, पाणी मी घालायचे. आणि ती फुलायची वरच्या मजल्यावर, मृणालवहिनींच्या ग्रिलमध्ये! त्या सोसायटीभर गजरे वाटायच्या. "काय बाई हाताला गुण आहे!" सगळ्या त्यांनाच म्हणायच्या.

परवा मी मातीत कात्री खुपसून वेल मुळाशीच कापली. बोट सोललं, तरी बरं वाटलं.

आज वहिनी मीठ-मोहऱ्या घेऊन खाली आल्या. "वाळली हो! दृष्टच लागली. तुम्हीच काढा, लेकीसारखी वाढवलीत."

मी मूठ भरून कुंडीवरून ओवाळू लागले. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची..."

"शेजारणीचीही म्हणा," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "मीच फार मिरवलं."

"शेजारणीची," मी म्हणाले. सोललेल्या बोटाला मीठ झोंबून डोळ्यांत पाणी आलं. वहिनींना वाटलं, मी जुईसाठी रडतेय.