कमी वीज खाणारा

"हा दोन तासांत मान टाकतो," अबू वाइलने डावीकडच्या लॅपटॉपवर टिचकी मारली. "आणि हा दुसरा सकाळी चार्ज केला की संध्याकाळपर्यंत बघायला नको. मुलाचं काम काय?"

"भाषांतर." फिरासच्या आधी इन्साफ मावशीच बोलली. "औषधांचे फ्रेंच कागद अरबीत करतो. दिवसभर नुसती टकटक."

"मग उजवीकडचा घ्या. प्रोसेसर साधा आहे, वीज कमी खातो. तापत नाही, म्हणून आत पंखासुद्धा नाही. डावीकडचा सिनेमे कापणाऱ्यांसाठी. ताकद चौपट, पण भूकही तशीच."

"मला डावीकडचाच हवा," फिरास म्हणाला.

मावशीने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. वाढदिवस त्याचा होता, पण भेट तिची होती. आणि तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस सैदा शहरात अजून जन्मायचा होता.

फिरासची पंचाईत अशी, की खरं कारण मावशीला सांगण्यासारखं नव्हतं. जुन्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली होती. तार लावल्याशिवाय तो उघडतही नसे, आणि घरच्या विजेचा काही भरवसा नव्हता. गल्लीच्या टोकाच्या वाचनालयावर मात्र सौर पॅनेल होते. आत प्लग एकच होता, तोही ग्रंथपाल मायसाच्या टेबलाला लागून. सहा महिने तो रोज तिथे बसत होता. "प्लग मोकळा आहे का?" "आहे." सहा महिन्यांत बोलणं झालं ते एवढंच, आणि तेवढ्यावर गडी खूश होता. आता दिवसभर चालणारी बॅटरी आली, तर तिच्या शेजारी जाऊन बसायचं कोणत्या तोंडाने?

"पुढेमागे मला व्हिडिओ करावे लागतील," त्याने नेट लावला.

"कुणाचे, स्वतःच्या लग्नाचे? आधी नवरी दाखव, मग हा घेऊ."

अबू वाइल मिशीत हसला. मावशीने डावीकडच्या लॅपटॉपचा चार्जर उचलून पाहिला आणि वीट ठेवावी तसा खाली ठेवला.

"हे ओझं वाहायला वेगळं गाढव लागेल."

"मी आहे ना, मावशी."

"ते मला ठाऊक आहे. अबू वाइल, उजवीकडचा बांधा."

दुसऱ्या दिवशी नवा लॅपटॉप काखेत मारून फिरास वाचनालयाच्या दाराशी बराच वेळ घुटमळला. पहाटे घरी वीज आली तेव्हा आईने तो शिगोशीग भरून ठेवला होता. शेवटी हिय्या करून तो मायसाच्या टेबलापाशी गेला आणि पिशवीतून तार काढली.

"प्लग मोकळा आहे का?"

मायसाने त्या चपट्या नव्या लॅपटॉपकडे पाहिलं, मग फिरासकडे. "आहे."

आठवडा असाच गेला. रोज तो तार खोचायचा, संध्याकाळपर्यंत औषधांचे दुष्परिणाम अरबीत उतरवायचा आणि मनातल्या मनात स्वतःला लबाड म्हणायचा. लाज वाटायची, पण उठवत नसे. बॅटरीचा विचार त्याने एकदाही केला नाही. तशी वेळच आली नाही, रोज पहाटे वीज आली की आई तो भरून ठेवायची. त्याला एकच धास्ती होती, आपलं सोंग मायसाच्या लक्षात येण्याची.

आठव्या दिवशी तो तार खोचायला वाकला, तेव्हा मायसाने पुस्तकातून मान वर केली.

"त्या प्लगला वीज नाही."

"आज गेली?"

"तुम्ही हा नवा घेऊन आलात ना, त्या दिवशी सकाळीच जळला तो. प्लगसाठी नंबर लावणारे बाकीचे लॅपटॉपवाले त्याच दिवशी दुसरीकडे निघून गेले."

फिरासचे कान तापले. तारेचं टोक हातातच राहिलं. काहीतरी बोलायला हवं, म्हणून तो म्हणाला, "मग वायरमनला बोलवायचं."

"दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मीच त्याला परत पाठवलं," मायसा म्हणाली. "प्लग बंद असल्यावर तुम्ही कुठे बसता, ते मला बघायचं होतं."