वर्षभराची बॅटरी

नवव्या दिवशी बॅटरी संपली.

वर्षभर टिकेल, असं तनुजानं अहवालात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. यंत्र लातूरजवळच्या मुरुडला तिच्या घरामागच्या विहिरीवर बसवलेलं. आठवड्यातून एकदा जागं व्हायचं, पाणी किती ते मेसेजनं कळवायचं आणि परत झोपायचं. वर्षाचे मेसेज बावन्न, बॅटरी तेवढीच. त्यासाठी तिनं नांदेडला कॉलेजच्या लॅबमध्ये दोन महिने घासले, घरचा फोन उचलायलाही सवड नव्हती. आणि हा जोडीदार संगमेश्वर! त्याच्याकडे यंत्राला झोपवायचा प्रोग्राम तेवढा होता, तोही धड जमू नये?

"यंत्र झोपतच नसणार," ती सरांसमोरच कडाडली. "मेसेज तुझ्या मोबाइलवर येतात ना? दाखव किती आले."

"डिलीट झाले," संगमेश्वर खाली बघत म्हणाला.

"सगळे?"

"हाव. बॅटरीच कच्ची निघाली आसंल."

तनुजाच्या अंगाचा तिळपापड झाला. आधी घाण करायची, वर पुरावाही पुसून टाकायचा! पुढच्या आठवड्यात लातूरला स्पर्धा होती आणि हा खुशाल बॅटरीवर ढकलून मोकळा.

"सर, याचं नाव काढा. न्हाईतर माझं काढा."

सरांनी संगमेश्वरकडे पाहिलं. "तुझं काय म्हणणं आहे?"

"काढा, सर."

भांडला असता तरी तिला बरं वाटलं असतं. तिनं त्याच दुपारी अहवालाचं पहिलं पान एकाच नावानं छापून आणलं.

शनिवारी नवी बॅटरी घेऊन ती मुरुडला पोहोचली. आई विहिरीपाशीच भांडी घासत होती.

"आई, या डबीला कुणी हात लावला का गं?"

"मीच की. बटन दाबत हुते. दिवसातनं पाच-सहादा."

"ते चाचणीचं बटण आहे! दाबलं की मेसेज जातो. कशाला दाबलंस?"

"तूच म्हणलीस, ह्यातनं नांदेडला खबर जाती." आईनं पदराला हात पुसले. "तू तर फोन उचलंना झालीस. पयल्या दिशी पुसताना दाबलं गेलं, तर लगेच त्या संगमेश्वरचा फोन, काय झालं म्हणून. मी इचारलं, माझी तनुजा बरी हाय का? तवापासून दाबलं की त्याचा फोन यायचा. परवा सांगत हुता, 'मावशी, आत्ताच जेवली ती. लई मेहनत करून राहिली. तुमी काळजी करू नका.'"