अर्धं पेडल
पिंगळीच्या रेल्वे फाटकाजवळ माझं गॅरेज. गुरुजींची जुनी कार त्याच फाटकावर दोनदा बंद पडली होती. ॲक्सिलरेटरचं पेडल किती दाबलं ते इंजिनाला सांगणारा सेन्सर मी मीटर लावून तपासला. पेडल अर्ध्यावर येताच आकडा शून्यावर जायचा, म्हणूनच गाडी बंद पडायची. नवा बसवून, "गुरुजी, तुमीच चालवून बघा," म्हणत शेजारी बसलो. मागं त्यांची नात होती. पुढची चाकं रुळांवर चढली, तेव्हा घाम पुसायला मी खिशातून रुमाल काढला. त्यासोबत नवा सेन्सर हातात आला. तपासताना मीच जुना पुसून चकचकीत केला आणि घाईत तोच परत बसवला होता. फाटक पडायची घंटा वाजायला लागली. त्यांचा पाय अर्ध्याच्या जरासा अलीकडं होता. "गुरुजी, पाय हाय तसाच ठिवा, जरा बी दाबू नका." "का रे?" ते माझ्याकडं वळले आणि पेडल दबलं.