मधला माणूस

अणदूरचे याकूबभाई आणि शमुवेल मास्तर शेजारी, पण कुंपणातल्या चिंचेवरून वीस वर्षं अबोला. एकाचे टोमणे दुसऱ्याला मी पोचवायचो, म्हणून दोन्ही घरी चहा मिळायचा, मानही. मग सामंजस्य वाढावं म्हणून यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमानांची एकत्र यात्रा निघाली. सिनेगॉग, चर्च, दर्गा. आठ दिवस, एकच बस. अर्जातल्या धर्माच्या रकान्यात माझी सोय नव्हती. परतल्यावर दोघं एकाच ताटलीतले शेंगदाणे खात, बसमधल्या कुणा एझ्राकाकांचे विनोद आठवून हसत बसले. मला एकही समजेना. पोटात दुखू लागलं. "याकूबभाई," मी हळूच काडी टाकली, "मास्तर तुमच्या माघारी लई वाईट बोलायचे बरं." "ठाऊक हाय," ते म्हणाले, "तुमी आणलेले समदे टोमणे बसमधी पडताळून झाले." मास्तरांनी माझ्यापुढं ताटली सरकवली. "त्यातले निम्मे आमचे न्हाईत. ते कुणाचे, आप्पा?"