हर्शेलच्या छातीत दुखतंय

"माझ्या नवऱ्याच्या छातीत दुखतंय," ओलेटा फोनवर म्हणाली. "लवकर पाठवा कुणाला तरी."

फोन कानाला लावून ती स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होती. शेगडीवर चर्चच्या जेवणासाठी घेवडा शिजत होता. तिने शेगडी बंद केली, पुन्हा लावली, पुन्हा बंद केली. खिडकी उघडली. डोंगरावरची गार हवा आत आली, तरी जीव घाबरा तो घाबराच. फोनवरची मुलगी नवीन दिसत होती. बरंच झालं. जुनी डोलोरेस असती, तर तिने आवाजच ओळखला असता.

"नाव, वय सांगा त्यांचं."

"हर्शेल. एकसष्ट."

"नेमकं काय होतंय त्यांना?"

"जबडा..." ओलेटा अडखळली. "छाती. छातीवर बैल बसलाय म्हणतो. डाव्या हातात कळा येतायत. घामाने नुसता निथळतोय."

"शुद्धीवर आहेत ना?"

"आहे. पण एका जागी बसवत नाही."

"गाडी निघाली, काकू. दार उघडं ठेवा. घरात अ‍ॅस्पिरिन आहे का? त्यांना चालते ना ती? मग एक द्या, चावून खायला सांगा. आणि बसवा त्यांना. अजिबात चालू देऊ नका."

ओलेटाने दाराची कडी काढली. फळीवरून बाटली घेतली. झाकण लवकर निघेना. शेवटी निघालं. तिने एक गोळी तळहातावर घेतली आणि स्वतःच्याच तोंडात टाकली. चावताना जबड्यातली कळ थेट कानात गेली.

दोन्ही खांद्यांच्या मधोमध कुणी पाचर ठोकत असावं, तशी पाठ मंगळवारपासून दुखत होती. सकाळपासून मळमळत होतं. अंथरूण झटकलं तरी धाप लागत होती. छातीत मात्र म्हणावं तसं काही नव्हतंच. तिथेच तर घोडं अडत होतं. सकाळी नणंदेला, जुआनिटाला फोन केला, तर ती हसली होती. "पित्त असेल गं. तू जिवाला फार लावून घेतेस. चहा घे आणि पड जरा."

हर्शेलने अंगणात छातीवर हात दाबला होता, तेव्हा दरीतली सगळी माणसं धावून आली होती. रस्त्यावरच्या गाड्या बाजूला झाल्या होत्या. तुम्ही फार काळजी करता का, झोप नीट लागते का, असं त्याला एकानेही विचारलं नव्हतं.

भोंगा वाजत गाडी अंगणात शिरली. टमारा नावाची तरुण बाई आणि रसेल नावाचा आडदांड गडी सामान घेऊन धावत आत आले. दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या ओलेटाला ओलांडून ते सरळ आतल्या खोलीत गेले. पलंग रिकामा होता. न्हाणीघरही रिकामं होतं.

"काकू, कुठे आहेत ते?" टमाराने बाहेर येऊन विचारलं.

"टेकडीवर. चर्चच्या मागे. सहा वर्षं झाली त्याला पुरून."

रसेलने सामान धाडकन खाली ठेवलं. टमारा तापली. "ही काय थट्टा आहे, काकू? दुसरीकडे कुणी खरोखर मरत असेल!"

"हो," ओलेटा म्हणाली. "इथेच."

तेव्हा कुठे टमाराने तिच्याकडे नीट पाहिलं. चेहरा राखेसारखा फिका पडला होता. झगा घामाने पाठीला चिकटला होता. तिने भराभर वायरी लावल्या. यंत्रातून कागदाची पट्टी सरकत बाहेर आली. ती तिने एकदा पाहिली, पुन्हा पाहिली.

"रसेल, स्ट्रेचर! पळ! आणि मोठ्या इस्पितळाला कळव. बाई आहे, हार्ट अटॅक आहे, आणि चांगलाच मोठा आहे."

हृदयाची एक रक्तवाहिनी पार बुजली होती. डॉक्टरांनी ती वेळेत उघडली. आणखी तासभर गेला असता, तर हाताला काही लागलं नसतं, असं त्यांनी ओहायोहून धावत आलेल्या तिच्या मुलीला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी टमारा वॉर्डात आली. ओलेटा उशीला टेकून बसली होती, बेचव लापशीला नावं ठेवत होती. टमारा खुर्ची ओढून बसली.

"रागावू नका, काकू. पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. फोनवर सरळ खरं का नाही सांगितलंत?"

ओलेटाने चमचा खाली ठेवला.

"खरं मी मंगळवारीच दवाखान्यात जाऊन सांगितलं होतं, पोरी. त्यांनी मला झोपेच्या गोळ्या दिल्या."