रँडम नावाची फाइल

शनिवारी सकाळी पाळ्या पुन्हा निघाल्या नाहीत, तेव्हा टायपिस्टबाईंनी चष्मा पुसला, केस सारखे केले आणि मग मुलाला फोन लावला. फोनवर केस दिसत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं.

इमारतीतलं वाचनालय सहा जणी चालवत. कोणी कधी बसायचं यावरून इतकी धुसफूस व्हायची की शेवटी बाईंच्या मुलाने एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. चिठ्ठ्या उचलाव्यात तशी तो दर शनिवारी नावं उचलायचा. यंत्राशी भांडण कोण काढणार? नोकरीसाठी लांब जाताना मुलाने प्रोग्रॅमचं फोल्डर दोघांच्या कॉम्प्युटरना जोडून ठेवलं. इथे काही बदललं की तिथे दिसे.

बिघाड दर वेळी एकच. नावं उचलायला प्रोग्रॅम आपल्या कॉम्प्युटर-भाषेच्या भांडारातून ‘रँडम’ नावाची तयार फाइल मागवायचा. पण आधी तो स्वतःच्या फोल्डरमध्ये डोकावे. तिथे त्याच नावाची दुसरी फाइल दिसली की भांडारापर्यंत जायचे कष्ट घेत नसे. आणि ही दुसरी फाइल रिकामी असायची.

“आई, परत रँडम नावाने काहीतरी सेव्ह केलंस.”

“केलं असेल बाबा. हल्ली लक्ष लागत नाही.”

एकतीस वर्षं लोकांचे कागद बिनचूक टाइप करणाऱ्या बाईंच्या नावावर ही चूक सलग नऊ शनिवार जमा झाली होती. फाइल उडवायला अर्धं मिनिट लागे. फोन चाळीस मिनिटं चाले. मधल्या साडेएकोणचाळीस मिनिटांत त्याचा खोकला, त्याचा गळका नळ आणि घरमालकिणीची मांजर एवढं सगळं उरकून घ्यायचं असे.

कारण फोन कामापुरता, हा त्या घरातला कायदा होता. बाईंच्या यजमानांनी तो केला. यजमान गेले, कायदा राहिला. नुसतं ‘कसा आहेस’ विचारायला फोन करणं मायलेकांना कधी जमलंच नाही. दोघंही निमित्ताची वाट बघत बसणारी माणसं. रविवार ते शुक्रवार बाई फोन चार्ज करत आणि उशाशी ठेवत.

वाचनालयाच्या सेक्रेटरी म्हणजे बाईंच्या धाकट्या जाऊबाई. पाळ्या उशिरा निघाल्या की बाकीच्या जणींची बोलणी त्यांना खावी लागत.

“मुलगा तिथून उडवू शकतो ना ती फाइल?” त्यांनी एकदा विचारलं.

“मी शिकावं असं त्याला वाटतं.”

“ताई, ज्याला शिकायचंच नाही त्याला कोण शिकवणार?”

बाईंनी फोन चार्जिंगला लावला. जाऊबाईंनी जे समजायचं ते समजून घेतलं.

दहाव्या शनिवारी बाईंनी फोन हातात घेतला, तोच जाऊबाई कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला घेऊन दारात हजर. त्याने दुखणं ऐकलं आणि हसला. नवशिक्यांचं हे नेहमीचंच, म्हणाला. दोन मिनिटांत असा बंदोबस्त करतो की हे नाव फोल्डरमध्ये पुन्हा शिरणारच नाही.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी त्याला चहा विचारला, मग पाणी विचारलं, मग घरी कोण कोण असतं तेही विचारलं. तो टाइप करतच राहिला.

“राहू द्या हो,” शेवटी त्या म्हणाल्या. “माझा मुलगा बघतो.”

“बघतो म्हणूनच तर,” जाऊबाई पुटपुटल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. फाइल कोणी केली ते कळतं का, असं त्यांनी दुरुस्तीवाल्याला अगदी सहज विचारलं.

कळतं, तो म्हणाला. फोल्डरमध्ये सगळी नोंद राहते, उडवलेल्या फाइलींचीसुद्धा.

“कशाला खोलात जाता?” बाई घाईने म्हणाल्या. “माझ्याकडूनच होतं. मी कबूल करतेय ना?”

पण नोंद उघडली होती. दुरुस्तीवाल्याने ती वरपासून खालपर्यंत वाचली, पुन्हा वाचली. मग जाऊबाईंकडे न बघता तो बाईंकडे वळला.

“यातली एकही तुम्ही केलेली नाही, बाई. दर शुक्रवारी दुपारी एक वाजता ती तुमच्या मुलाच्या कॉम्प्युटरवरून येते.”