पोखर्णीच्या फाटकावरचं इंग्रजी

"समझो, फाटक बंद है. हम मोटार लेके आया. तुम क्या बोलेगा?" पोखर्णी स्टेशनाच्या फलाटावर रेल्वेच्या साहेबानं तिसऱ्यांदा विचारलं.

व्यंकटराव फाटकवाल्याच्या नोकरीची परीक्षा द्यायला उभा होता. उत्तर तोंडपाठ होतं. 'यू मस्ट नॉट गो.' म्हणजे, जायचं नाही. पण साहेबाच्या तोंडावर 'नाही' म्हणायचं? निजामाच्या मुलखात वरच्या माणसाला 'जी हुजूर' म्हणायची रीत. त्याच्या आज्यानं उभ्या जन्मात पाटलालासुद्धा 'नाही' म्हटलं नव्हतं. आणि नोकरी तर त्याच एका शब्दाची! पोखर्णीच्या फाटकावरून गोऱ्या इंजिनेरांच्या मोटारी जायच्या. त्यांना इंग्रजीतून अडवणारा गडी रेल्वेला हवा होता.

तयारीत कसूर नव्हती. माणसापुढं धीर होईना, म्हणून व्यंकटराव दोन महिने बिरू धनगराच्या मेंढरांपुढं उभा राहिला होता. "यू मस्ट नॉट गो! यू कॅनॉट कम! यू नीड नॉट रन!" जायचं नाही, येता येणार नाही, पळायची गरज नाही. ऐकणाऱ्यानं कंटाळून चालू लागू नये म्हणून दर वाक्यामागं म्होरक्या एडक्याला गुळाचा एक खडा. इकडं घरी त्याची आई कस्तुराबाई, ढेपेला एवढा कोणता उंदीर लागला म्हणून सापळे लावून बसलेली.

"जबान है के नहीं?" साहेब खेकसला.

तेवढ्यात बिरू उगवला. दोस्ताची परीक्षा बघायला आला, तो कळप घेऊनच. एडका रुळांवर चढला. त्याच्यामागं साडेतीनशे मेंढरं चढली. खोटं वाटत असेल तर जाऊन पोखर्णीच्या नरसिंहाला विचारा, देऊळ काही लांब नाही. वळणावर इंजिनानं शिट्टी दिली. बिरूनं गळा फाडला, काठी आपटली. एक मेंढरू हलेना.

साहेब फलाटाच्या कडेला धावला आणि दोन्ही हात पसरून गरजला, "यू मस्ट नॉट कम! यू कॅनॉट कम!"

एडक्यानं कान टवकारले. हे बोल ओळखीचे! यामागं गूळ येतो! त्यानं फलाटावर उडी घेतली आणि उभा कळप त्याच्यामागं साहेबावर तुटून पडला. रूळ मोकळे झाले. पण मेंढरांनी साहेबाला असं गरगर फिरवलं, की त्याची पाठ रुळांकडं झाली. एडका कोटाच्या खिशात तोंड खुपसतोय, साहेब एकेक पाऊल मागं सरकतोय. आणि मागून गाडी धडधडत आलेली.

"साहेब!" व्यंकटरावाच्या छातीतून आवाज फुटला. "यू मस्ट नॉट गो!"

साहेब एक पाय उचललेला तसाच थिजला. त्याच्या पाठीला वारा घालत गाडी निघून गेली. टोपी तेवढी गेली.

साहेबानं आधी मागं बघितलं, मग व्यंकटरावाकडं. कपाळावरचा घाम पुसला आणि हिरवी झेंडी त्याच्या हातात ठेवली. "कल से फाटक तुम्हारा."

बिरू मुंडासं सावरत जवळ आला.

"कमाल हाय, येंकटराव! तुमी दोन म्हैने गूळ चारला, तरी 'मस्ट नॉट' म्हणलं की मेंढरं पळतच येत्यात. साहेब मातर बिनगुळाचा थांबला!"